जाळीचा पाट

"टक" असा आवाज आला आणि जॅकच्या मीटरवरचा आकडा पडला.

पाट दोन रुळांवर आडवा टेकवलेला होता, मधोमध वरून जॅक दाबत होता, आणि जॅकचा दांडा माझ्या हातात होता. चारशे किलोच्या जरा पुढं गेलो होतो. जायचं होतं आठशेपर्यंत. मी दांडा सोडला नाही, हट्टानं आणखी दोनदा दाबला. आकडा आणखी खाली आला. पुण्याहून आलेले बेहेरेसाहेब चष्मा काढून पुसायला लागले. चष्म्याला काहीही झालेलं नव्हतं.

"काय झालं गं?" तात्या मागून म्हणाले. दसऱ्याचा दुसरा दिवस होता, त्यांच्या मुठीत अजून आपट्याची पानं होती. सकाळपासून दिसेल त्याला सोनं वाटत फिरत होते.

"मोडला," मी म्हटलं.

"मोडला म्हणजे? सरळ दिसतोय की."

"आतून मोडला, तात्या."

आमच्या सँडविच पॅनेलचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, पण भट्टीवाले इलाही मुल्लाणी त्याला पहिल्या दिवसापासून पाट म्हणायचे आणि मग सगळेच म्हणायला लागले. वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, खाली तसाच पत्रा, मध्ये बोटभर लांबीच्या बारीक काड्यांची जाळी, सगळी इलाहीभाईंच्या भट्टीत जोडलेली. चार काड्या खालून तिरक्या निघतात आणि वर एका टोकाला मिळतात. अशा चौकड्यांच्या रांगाच्या रांगा, बाकी सगळी हवा. एकटी काडी तुम्ही दोन बोटांनी वाकवाल. पण सगळ्या मिळून भार वाटून घेतात, आणि पाटावर तीन धट्टीकट्टी माणसं उभी राहिली तरी तो हूं की चूं करत नाही. उचलायला मात्र एक हात पुरतो.

डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवर चालतील अशा लहान रुग्णवाहिका पुण्याची एक कंपनी बांधणार होती. गाडी लहान, म्हणून वजन वाचवायचं, म्हणून तिची फ्लोअर आमच्या पाटाची. नमुना पास झाला तर ऑर्डर आमची, नाही तर तात्यांची मागची शेड बंद. त्यासाठी मी पुण्यातली चांगली नोकरी सोडून शिरोलीच्या कारखान्यात आले होते, कारण पुण्यात माझ्या जाळीला सगळे हसले होते आणि तात्या सावेकर हसले नव्हते. "सँडविच म्हणतीस, मग चटणी कुठंय?" एवढंच म्हणाले होते, आणि दुसऱ्या दिवशी मागची शेड रिकामी करायला माणसं लावली होती.

बेहेरेसाहेबांनी चष्मा परत घातला. मृदू माणूस. मला मृदू माणसांचा फार राग येतो, त्यांच्याशी भांडता येत नाही.

"मॅडम, मी आता बेळगावला चाललोय," ते म्हणाले. "उद्या दुपारी परत जाताना थांबतो. का मोडला ते तेवढं शोधून ठेवा. कारण पटण्यासारखं असेल तर तुमचा दुसरा पाट बघू. नसेल तर आम्हाला प्लायवूडच घालावं लागेल. गाड्या थांबवता येणार नाहीत मला."

"शोधते," मी म्हटलं.

त्यांना सोडायला तात्या फाटकापर्यंत गेले. त्यांची पाठ वळल्याबरोबर मी इलाहीभाईंकडं वळले.

"जोड सुटले."

"काड्या वाकल्या," ते म्हणाले. वाटच बघत होते.

"उघडून बघितलंत?"

"तुम्ही बघितलंत?"

"इलाहीभाई, माझ्या हिशोबानं काडी आठशेला वाकत नाही. हजारालाही वाकत नाही. चारशेला मोडलं म्हणजे जोडच."

"हिशोब," ते म्हणाले. "माझ्या भट्टीतनं निघालेला जोड सुटला म्हणून आजपर्यंत एक माणूस परत आलेला नाही. मी पहिल्या महिन्यात सांगितलं होतं, काडी जरा जाड घ्या. तर म्हणे वजन वाढतं. आता बसा वजन मोजत."

"काडी जाड घेतली तर पाट कशाला करायचा? लोखंडी झाकणच घाला की गटाराचं."

"तेच घाला. ते मोडत तरी नाही."

आम्ही असे रोजच भांडायचो. त्यात काही विशेष नव्हतं. पण त्या दिवशी दोघांनाही मनातून भीती होती की समोरचा खरं बोलत असेल.

"कापा," मी म्हटलं.

त्यांनी ग्राइंडर लावला आणि पाटाच्या आडव्या पट्ट्या कापायला लागले. मला एका जागी उभं राहता येईना. शेडच्या दारापर्यंत जायचे, परत यायचे, पट्टी उजेडाला धरायचे, ठेवायचे. पहिल्या पट्टीतल्या काड्या ताठ होत्या, दुसरीतल्याही. सगळे जोड जागच्या जागी. इलाहीभाई प्रत्येक पट्टीनंतर माझ्याकडं बघायचे, आणि ते बघणं मला झोंबत होतं.

पाचव्या पट्टीत ते सापडलं. वाटीएवढ्या जागेत सगळ्या काड्या गुडघ्यात मोडल्यासारख्या खचलेल्या. वरचा पत्रा जवळजवळ सपाट होता, हात फिरवला तर कळेल न कळेल असा खळगा. पत्रा दाबला गेला होता आणि परत वर आला होता. काड्या परत उठल्या नव्हत्या. जोड तिथलेही शाबूत होते.

आणि ती जागा जॅकच्या खाली नव्हती. जॅकपासून चांगली वीतभर लांब होती.

"हे आजचं नाही," मी म्हटलं. "हे आधी कशानं तरी चेपलंय. आज भार दिल्यावर इथनंच खचत गेलं. काय पडलं याच्यावर?"

"काय पडणार? प्लॅस्टिक लावून ठेवलेला होता."

पाटावर निळं चिकट प्लॅस्टिक लावायचं आणि गाडीत बसेपर्यंत काढायचं नाही, हा पुण्याचाच नियम होता. चाचणीसुद्धा त्या प्लॅस्टिकसकटच झाली होती. मी ते खळग्यावरून सोललं. कडेला पत्र्यावर लाल डाग होता. गंज म्हणावा तर अ‍ॅल्युमिनियम तसं गंजत नाही. मी बोटावर घेऊन बघितलं. कुंकू होतं.

"इलाहीभाई."

ते ग्राइंडरची वायर गुंडाळत होते. एकदा गुंडाळलेली त्यांनी सोडली आणि परत गुंडाळायला घेतली.

"प्लॅस्टिक कधी लावलंत?"

"पूजा झाल्यावर."

"कसली पूजा?"

"खंडेनवमीची. तुम्ही नव्हता. नांदणीला गेला होता घरी."

"मशिनची पूजा असते ना ती?"

"असते," ते म्हणाले. "दरवर्षी नारळ मोठ्या प्रेसवरच फोडतात. बिडाचा बेड आहे, त्याला काय होतंय. यंदा तात्या म्हणाले, प्रेसनं आजवर भरपूर मान घेतला. यंदा मान पोरीच्या पाटाचा."

मी पट्टी खाली ठेवली.

"पाटावर फोडला?"

"हं."

"एका दणक्यात फुटला?"

"तिसऱ्यात. कठीण निघाला बेणा."

"आणि तुम्ही काय करत होता?"

"मी खोबरं कापायला सुरी घेऊन उभा होतो," इलाहीभाई म्हणाले. "मॅडम, सगळे होते. सगळ्यांनी हात जोडलेले. कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

मला हसू आलं. खरंच आलं, पोट धरून हसले मी त्या शेडमध्ये, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. माझी जाळी चुकली नव्हती. त्यांचे जोड चुकले नव्हते. एका भल्या माणसानं माझा मान म्हणून माझाच पाट नारळानं फोडला होता.

इलाहीभाईंनी मला रडू दिलं. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "तात्यांना सांगू नका."

"म्हणजे?"

"साहेबांना सांगा, जोड सुटले. इलाहीनं भट्टी नीट तापवली नाही. दुसऱ्या पाटाचे जोड चांगले आहेत. झालं काम."

"आत्ता तुम्ही या जोडांवरनं माझा जीव खायला उठला होता."

"तो मघाचा विषय झाला. नऊ दिवस उपास करून त्या माणसानं नारळ फोडलाय, पद्माताई. आता त्याला सांगणार, तुझ्या नारळानं घात केला?"

भांडण नसलं की ते मला पद्माताई म्हणायचे. त्यामुळं मला जास्तच राग आला. म्हटलं, तुम्ही दोघं थोर, आणि मी खोटं सांगत फिरू होय? तशीच तरातरा ऑफिसात गेले.

तात्या डबा उघडून बसले होते. मी तोंड उघडणार तर म्हणाले, "आधी जेव."

"तात्या, महत्त्वाचं आहे."

"जेव म्हटलं ना."

मी बसले आणि जेवले. ते असंच होतं. माझ्या आईनं म्हटलं असतं तर मी ताट सरकवून निघून गेले असते. तात्यांना मूलबाळ नव्हतं, आणि मला ते कधी पोरी म्हणायचे तर कधी नुसतं गं. भाकरीचा एक तुकडा त्यांनी माझ्यासाठी डब्याच्या झाकणात टाकला, वांग्याची भाजी टाकली, माझं संपेपर्यंत बघत राहिले.

मग मी सांगितलं. सरळ सांगितलं, मला वळणं घेता येत नाहीत.

ते उठले. हात धुतले, पंच्यानं पुसले, परत धुतले.

"पहिल्याच दणक्याला आवाज पोकळ आला होता," ते म्हणाले. "मला वाटलं, नारळ कोवळा आहे. म्हणून आणखी जोरात आपटला."

"तुम्हाला कसं माहीत असणार, तात्या?"

"माझ्या कारखान्यातला माल आणि मला माहीत नको?" ते खुर्चीत बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले. "म्हणजे तुझी जाळी चुकलेली नाही ना?"

"नाही."

"खरं सांग. माझ्या समाधानासाठी नको सांगू."

"जाळी चुकलेली नाही. जोडही चुकलेले नाहीत. दुसरा पाट पास होणार."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग मी सांगतो साहेबांना. नारळ माझा, हात माझा, मीच सांगणार. मला लाज नाही वाटत. हसतील तर हसू देत की. तुझी जाळी चांगली आहे, मग काय."

हे झाल्यावर मला गार वाटायला हवं होतं. शेडमध्ये इलाहीभाई दुसरा पाट पुसून ठेवत होते, वरून एक जुनी चादर टाकत होते. तात्या बाहेर येऊन म्हणाले, "याच्या अंगाला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही," आणि सगळे हसले. मीही हसले. पण घरी जावंसं वाटेना. मी तिथंच घुटमळत राहिले, कापलेल्या पट्ट्या परत परत उचलत. वाटीएवढी जागा. इलाहीभाई म्हणाले, आता जा घरी, कशाला येरझाऱ्या घालताय, मला चक्कर यायला लागली.

राजारामपुरीत मी एका खोलीत भाड्यानं राहायचे. आईचा फोन आला. "सापडलं का काय ते?" पट्ट्या कापताना दाराशी जाऊन तिला रडत फोन केला होता मी.

"सापडलं."

"मग झालं की. आता जेव आणि पड."

"हो."

"आवाज का असा?"

"कसा?"

"दातात काहीतरी धरून बोलल्यासारखा. काय झालंय, पद्मा?"

"काही नाही गं. उद्या पास होणारे पाट."

खाली घरमालकीणबाईंच्या दारात गॅसवाला आला होता. त्यानं खांद्यावरून सिलिंडर पायरीवर टाकला. धप्प. बाई करवादल्या, "अरे, फरशी फोडतोस काय? हळू ठेवता येत नाही?" तो म्हणाला, "ओ मावशी, दिवसभर हळू ठेवत बसलो तर वाटून कधी होणार?" आणि दुसरा सिलिंडर तसाच टाकला.

आई फोनवर काहीतरी विचारत होती. मी म्हटलं, नंतर करते.

मग मी तात्यांचा नंबर काढला. बराच वेळ नुसता समोर धरून बसले. लावला नाही. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत राहिले, शेवटी मालकीणबाईंनी खालून विचारलं, बाई, काही हरवलंय का तुमचं?

दुसऱ्या दिवशी मी लवकरच गेले. तात्यांनी पेढे आणून ठेवले होते, पण झाकून, नजर लागायला नको म्हणून. चहा पाजला. बेळगावचा रस्ता, यंदाचा ऊस, कशाकशावर बोलत राहिले. मी हो हो करत होते.

बेहेरेसाहेब आले. तात्या खुर्चीवरून उठले आणि उभ्यानंच सांगितलं. काही लपवलं नाही, तीन दणके पण सांगितले. वर म्हणाले, "साहेब, अडाणीपणा झाला. शिक्षा मला करा, पोरीच्या कामाला नको."

बेहेरेसाहेब आधी गंभीर होते. मग त्यांचा ओठ हलायला लागला. मग ते इतके हसले की इलाहीभाई पाणी घेऊन आले.

"अहो, आमच्याकडे गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात," ते म्हणाले. "पण हे नवीन आहे. पट्टी दाखवा मला."

पट्टी बघितली. खळगा बघितला, कुंकू बघितलं. मान हलवली. "पटलं. दुसरा लावा."

मी दुसरा पाट रुळांवर ठेवला. प्लॅस्टिक आधी सोललं, वरून, खालून, कडांनी हात फिरवला. जॅक लावला. दोनशे. चारशे. तात्यांनी डोळे मिटले होते. सहाशे. कुठं आवाज नाही. आठशे. मी थांबवला, साहेबांनी घड्याळ लावून वाट बघितली, आकडा हलला नाही. भार काढल्यावर पाट जसा होता तसा सरळ झाला. आयुष्यात मी इतकं देखणं काही केलेलं नाही, त्याआधीही नाही आणि नंतरही नाही.

तात्यांनी डोळे उघडले. इलाहीभाई नाक ओढत होते. पेढ्यांचा पुडा उघडला गेला.

"अभिनंदन, मॅडम," बेहेरेसाहेब म्हणाले आणि बॅगेतून कागद काढले. "सही करून टाकतो."

"साहेब," मी म्हटलं, "गाडीत या फ्लोअरवर काय काय असतं?"

"म्हणजे? स्ट्रेचर, बाक, सोबतचा माणूस. भार आम्ही सगळा धरलाय, काळजी करू नका."

"आणि ऑक्सिजन?"

"असतो ना. बांधलेला असतो भिंतीला."

"बदलताना?"

ते पेन उघडून थांबले. "बदलताना काय?"

शेडच्या कोपऱ्यात इलाहीभाईंचा छोटा ऑक्सिजनचा सिलिंडर होता, बाहेरगावच्या वेल्डिंगच्या कामाला न्यायचा. रिकामा होता, तोटीवर टोपी घट्ट बसवलेली होती. मी तो उचलून आणला. साहेबांना विचारलं, "तुमचा एवढाच असतो ना?"

"साधारण एवढाच."

"पद्मा," तात्या म्हणाले. त्यांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण माझा चेहरा कळला होता. "पद्मा, पाट पास झालाय."

मी त्यांच्याकडं बघितलं नाही. जॅक वर घेतला, सिलिंडर पाटावर तिरका धरला आणि हात काढून घेतला.

तो आडवा झाला. फार मोठा आवाज नाही आला. घरंगळून खाली जमिनीवर गेला. पत्र्यावर एक चंद्रकोरीसारखी बारीक खूण होती, एवढंच.

"काय करतीस हे?" इलाहीभाई ओरडले.

मी जॅक परत लावला. दोनशे. तीनशे. दांडा दोन्ही हातांनी धरून दाबला. चारशेसुद्धा झाले नाहीत. टक.

इलाहीभाईंच्या हातात अर्धा पेढा तसाच राहिला.

"आमच्या अटींमध्ये आघाताची चाचणीच नाही," बेहेरेसाहेब हळू म्हणाले.

"माहितीय."

"मग?"

"साहेब, तात्यांच्या हातातल्या नारळानं तो मोडला. गाडीत ड्रायव्हर घाईत असतो, घाटात गाडी वळत असते, पेशंट गुदमरत असतो. सिलिंडर हळू कोण ठेवणार? आणि वरून काही दिसतच नाही. फ्लोअर चकचकीत दिसणार आणि आतून मोडलेली असणार. कधीतरी स्ट्रेचरचं चाक नेमकं तिथं येणार."

"वर रबर टाकू की," तात्या म्हणाले. घाईघाईनं म्हणाले. "जाड रबर टाकू. पत्रा जाड घेऊ."

"मग वजन वाढतं, तात्या. प्लायवूडएवढंच होतं. महाग प्लायवूड."

बेहेरेसाहेबांनी पेन बंद केलं. माझ्यावर ते चिडले होते, पहिल्यांदाच चिडलेले दिसले. "मॅडम, दहा मिनिटांपूर्वी मी सही करत होतो. करायला मला हरकत नव्हती. आता मी हे पाहिलंय. आता मला सही करता येत नाही." कागद बॅगेत गेले. तात्यांना त्यांनी वाकून नमस्कार केला, पेढा मात्र घेतला नाही, आणि गेले.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. नंतर काय झालं ते विचारतात म्हणून सांगते. शेड त्या दिवाळीनंतर बंद झाली. भट्टी विकली. इलाहीभाई मिरजेला दुसऱ्या कारखान्यात लागले आणि जाताना मला सांगून गेले नाहीत. ते मला अजून लागतं. मी परत पुण्याला गेले, दुसरीकडं लागले, वजन वाचवायचं काम कधी परत केलं नाही. मी केलं ते बरोबर केलं असं लोक म्हणतात. म्हणोत. अकरा माणसं त्या शेडमध्ये काम करत होती, ती म्हणत नाहीत.

पण मला आठवते ती त्याच दिवशीची दुपार. साहेबांची गाडी गेल्यावर इलाहीभाईही बाहेर निघून गेले. तात्या एका पालथ्या बादलीवर बसले होते, मोडलेल्या पाटासमोर. मी उभी होते. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला सोसलं असतं, मला भांडणं चांगली येतात.

"चूक माझी होती तोवर बरं होतं गं," ते म्हणाले.

मी पाटावरचा जॅक काढून घेतला.

"तुझ्या लक्षात हे कधी आलं? आत्ता?"

"नाही. काल संध्याकाळी."

"काल संध्याकाळी." त्यांनी मान वर केली. "मग मला फोन का नाही केलास? सकाळी इथं माझ्यासमोर बसून चहा प्यालीस. एक शब्द बोलली नाहीस. साहेबांच्या आधी मला का नाही सांगितलंस, पोरी?"

"तुम्ही गप बस म्हणाला असता," मी म्हटलं.

"म्हणून?"

"तुम्ही म्हणाला असता तर मी बसले असते."

तात्या गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले.

"म्हणालो असतो," ते म्हणाले. "नक्की म्हणालो असतो."